खुंटाचा गुलाब : कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या गुलाबबागेतल्या सहा महिन्यांच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

वार्षिक छाटणीचा पहिला दिवस. सकाळी आठला गवतावर दव इतकं होतं की बूट भिजून पायाला गार लागत होतं. कॅनव्हासचे हातमोजे घरी ठेवून कोपरापर्यंत येणारे कातडी घेतले, ते बरं झालं. शंभराच्या वर माणसं जमली असावीत. शाळेची मुलं, निवृत्त झालेले लोक, दोन-तीन कुटुंबं आजी-आजोबांसकट.

बाग साडेपाच एकरांची, आणि झाडं चार हजारांच्या घरात. पूर्वी इथे प्रूनची, म्हणजे सुकवायच्या आलुबुखाराची बाग होती. पालिकेने १९२७ मध्ये जागा घेतली, १९३१ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. २००७ च्या सुमारास बागेची रया गेली होती. तेव्हा आसपासच्या लोकांनी कात्र्या हातात घेतल्या, आणि २०१० मध्ये हीच बाग अमेरिकेतली सर्वोत्तम गुलाबबाग ठरली. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. पण ते दिवस पाहिलेले काही जण अजून शनिवारी येतात आणि न बोलता आपल्या ओळीला लागतात.

माझ्या हाताला छाटणी नवी नाही. तासगावला घरची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, दोन्ही वेळा सिकेटर धरून मी लहानाची मोठी झाले. गुलाबाचीही छाटणी आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरात. इथे पाऊस हिवाळ्यात येतो, झाड त्याच थंडीत झोपतं, म्हणून छाटणी जानेवारीत. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरात विचारलं होतं, ‘कधी सुरू करायची?’ तेव्हा स्वयंसेवकांच्या समन्वयक बाईंनी हसून झाडावरची पिकत आलेली फळं दाखवली. ती राहू द्यायची. फळ धरलं की झाडाला थांबायची खूण मिळते.

हायब्रिड टी जातीच्या झाडांना आम्ही गुडघ्याएवढं खाली आणतो. मेलेलं, आडवं, एकमेकांना घासणारं लाकूड आधी काढायचं. मधला भाग वाटीसारखा मोकळा ठेवायचा. चार ते सहा जाड फांद्या राखायच्या आणि बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. कापल्यावर आतला गाभा बघायचा. पांढरा असला तर थांबायचं, तपकिरी असला तर आणखी खाली जायचं. आपल्याकडे कापावर बोर्डो पेस्ट लावतात, इथे कापाला काहीच लावत नाहीत.

आज तिसऱ्या ओळीत एक झाड विचित्र दिसलं. जुन्या फांद्या वाळून कोळसा झालेल्या, आणि जमिनीतून वर आलेल्या चार लांब, हिरव्या, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या. समन्वयक बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर ह्यूई असणार, कलमाखालचा खुंट. फुलल्याशिवाय खात्रीने सांगता यायचं नाही.’ आणि मग, ‘तुला करायचंय का हे काम?’

करायचं आहे. दोन वाफे, पाच ओळी, १४२ झाडं. जूनअखेर प्रत्येक झाडापुढे लिहायचं : डोळ्याचं (वर भरलेल्या जातीचं), खुंटाचं (ती जात ज्याच्या मुळांवर भरली त्या खालच्या गुलाबाचं), की दोन्ही.

११ जानेवारी, शनिवार

आज नकाशा काढला. ओळींना अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं, झाडांना क्रमांक. हे क्रमांक माझ्या वहीपुरते. २३ झाडांना नावाची पाटी नाही.

छाटलेल्या झाडांवर उरलेली जुनी पानंही हाताने ओरबाडून काढली. पानांच्या खालच्या बाजूला तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके होते. तो तसाच राहिला तर वसंतात नव्या पानांवर चढतो, म्हणून पडलेली पानंही गोळा करून पिशवीत भरायची. हे काम कंबर मोडतं. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक व्हिएतनामी बाई होत्या. छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्या पान न पान वेचत होत्या. मला उभ्याने वाकलेलं बघून त्यांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं. त्या नेहमी दोन आणतात.

संशयित झाडांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. १६ झाली. पद्धत अशी : बुंध्याभोवतीचं आच्छादन जरा बाजूला करायचं, कलमाचा जोड शोधायचा (मनगटाएवढी गाठ असते), आणि फांदी जोडाच्या वरून आली की खालून ते बघायचं. काही झाडांचा जोड मातीत खोल गेला आहे, तिथे नुसतं पाहून कळत नाही.

रात्री तासगावला आण्णांना फोन केला. त्यांची सकाळ होती, बागेत निघाले होते. खुंट म्हटल्यावर लगेच थांबले. आमची द्राक्षं डॉगरीजच्या खुंटावर आहेत. तो खुंट मूळचा टेक्सासचा. पाणी कमी असो, जमीन क्षाराची असो, तग धरतो, म्हणून सगळ्या तासगाव-सांगलीकडे पसरला. आण्णा म्हणाले, ‘खुंट वाईट नसतो गं. तो आहे म्हणून वरचं जगतंय. फक्त त्याला डोकं वर काढू द्यायचं नसतं.’

डॉक्टर ह्यूईबद्दल त्यांना सांगितलं. कॅप्टन जॉर्ज थॉमस नावाच्या माणसाने हा गुलाब तयार केला. हाच थॉमस गोल्फची मैदानं आखण्यासाठीही प्रसिद्ध होता. रॉबर्ट ह्यूई हे फिलाडेल्फियाचे दंतवैद्य, आणि गुलाबांचे मोठे जाणकार. त्यांचं नाव या वेलीला दिलं. १९२० मध्ये ती बाजारात आली ती फुलासाठीच. गडद, जवळजवळ काळपट लाल फूल आणि मध्ये पिवळे पुंकेसर. पुढे लक्षात आलं की हिची मुळं कॅलिफोर्नियाच्या कोरड्या, अल्कधर्मी जमिनीत छान चालतात आणि सालही डोळा भरायला सोपी सुटते. मग कॅलिफोर्नियातल्याच वास्को गावाकडच्या रोपवाटिकांनी वर्षानुवर्षं हिच्यावरच डोळे भरले. अमेरिकेतल्या किती अंगणांत ती जमिनीखाली आहे, आणि तिथल्या किती घरमालकांनी तिचं नावही ऐकलेलं नसेल.

आण्णांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘सात पानं मोज. सात पानांची फांदी म्हणजे खुंट.’

१ फेब्रुवारी, शनिवार

छाटणी संपली. ब-१७ च्या बुंध्याशी खरबरीत, फुलकोबीसारखी गाठ सापडली. हा मुळगाठीचा रोग, जिवाणूमुळे होतो आणि जखमेतून शिरतो. कात्री लगेच स्पिरिटने पुसली. पालिकेच्या माळ्यांना दाखवलं, त्यांनी त्याच दिवशी झाड मातीसकट काढलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर पाऊस. इथली जमीन काळी, चिकट, आपल्याकडच्यासारखीच बुटाला धरते. ओली असताना वाफ्यात पाय द्यायचा नाही, म्हणून आज फक्त कडेची कामं. लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन ढकलगाडीने आणून वाफ्याच्या तोंडाशी ढीग केले.

शाळेतली सहा मुलं होती, त्यांना समाजसेवेचे तास भरायचे होते. सुरुवातीला फावड्यावर रेलून उभी होती. एका मुलीला मी डोळे दाखवले. तीन आठवड्यांपूर्वी जिथे कापलं तिथे आता लाल, टोकदार, भाताच्या दाण्याएवढे कोंब. तिने मग एकेक झाड वाकून बघायला सुरुवात केली, आणि तिच्यामागे बाकीचेही. काप डोळ्याच्या फार वर दिला होता तिथली काडी काळी पडली होती. तीही त्यांना दाखवली. त्यातले दोन काप माझेच होते.

८ मार्च, शनिवार

पालवी पूर्ण उलगडली. कोवळी पानं काही झाडांची तांब्यासारखी, काहींची वाइनच्या रंगाची, काहींची सुरुवातीपासून हिरवी. एवढ्यावरूनही जात ओळखणारे दोघं-तिघं इथे आहेत. मला अजून जमत नाही. आइसबर्गचं पान फिकट हिरवं आणि निमुळतं, तेवढं मात्र आता डोळे मिटून सांगेन.

आज सात पानांची परीक्षा सुरू केली. आण्णांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे. विहिरीजवळ ग्लॅडिएटरची एक ओळ होती. (ग्लॅडिएटरही मूळ अमेरिकेचाच, १९५५ चा. आपल्याकडे हारवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्याला इतकं आपलं केलं की तो परका वाटतच नाही.) त्या ओळीत सात पानांची फांदी दिसली की आई बुंध्यातून उपटून टाकायची. पण वहीत लिहायचं तर पुरावा हवा. नक्की डोळ्याची अशी दहा झाडं आणि संशयित दहा झाडं घेतली, प्रत्येकाच्या तीन फांद्यांवरची पानं मोजायची.

२२ मार्च, शनिवार

मोजणी पूर्ण, आणि नियम पडला.

नक्की डोळ्याच्या दहांपैकी सहा झाडांवर सात पर्णिकांची (एका देठावर सात छोटी पानं असलेली) पानं सापडली, तीही जोडाच्या वरून आलेल्या जोमदार फांद्यांवर. क्वीन एलिझाबेथ या जातीवर तर ती भरपूर. उलट संशयित झाडांवर पाच आणि सात दोन्ही सरमिसळ. मोजून काहीच ठरत नाही.

हा विचार आठवडाभर डोक्यात होता. नियम खोटा म्हणावा तर आईने उपटलेल्या फांद्या खरंच खुंटाच्या होत्या, मी पाहिल्या आहेत. मग लक्षात आलं की खुंटच वेगळा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मल्टिफ्लोरावर डोळे भरतात. त्याच्या पानाला सात-नऊ छोट्या पर्णिका असतात आणि देठाशी झालरीसारखी उपपर्णं. तो लांबूनही वेगळा दिसतो. डॉक्टर ह्यूई मात्र बागेच्या गुलाबांतूनच निपजलेला आहे, त्याचं पान बाकीच्या गुलाबांत मिसळून जातं. आईचा नियम त्या खुंटापुरता बरोबर होता. आता दर वसंतात इथली किती माणसं सात पानं मोजून चांगली तळफूट तोडून टाकत असतील, या विचाराने जीव हळहळला. तळातून येणारा तो जाड, लालसर फुटवा म्हणजे झाडाचं पुढच्या पाच वर्षांचं भांडवल.

आण्णांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग कुठून फुटलाय ते बघ. तेवढंच खरं.’

१२ एप्रिल, शनिवार

फुलायला लागलं. बाग आठवड्यात बदलली. मागच्या शनिवारी कळ्या होत्या, आज कारंज्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना रंग.

ओळ अ आणि ब तपासल्या. सकाळी साडेआठला अ-११ समोर उभी राहिले आणि शंका उरली नाही. पाटीवर एका पिवळ्या गुलाबाचं नाव आणि झाडावर गडद लाल, दोन-तीन पदरी पाकळ्या, मध्ये सोनेरी पुंकेसर. एकेका फांदीवर दहा-दहा फुलं. हाच डॉक्टर ह्यूई. वर्षातून एकदाच फुलतो, हेच पाच-सहा आठवडे, आणि फुलतो तेव्हा हात राखून फुलत नाही.

अ आणि ब मिळून पाच सापडले. प्रत्येकाला लाल फीत बांधली. संशयितांपैकी दोन निर्दोष सुटले : फांदी मातीजवळून आली होती पण जोडाच्या वरूनच, आणि वर फूल पाटीप्रमाणे.

१९ एप्रिल, शनिवार

ओळ क आणि ड. लाल फुलांची आणखी सात झाडं. त्यातलं क-४ जानेवारीत मी नि:शंकपणे ‘डोळ्याचं’ म्हणून लिहिलं होतं. ती नोंद खोडली नाही, वर आडवी रेघ मारून तारीख घातली.

तीन झाडं ‘दोन्ही’ निघाली : अ-२०, ड-३ आणि ड-१४. ड-१४ बघण्यासारखं. एका अंगाला डबल डिलाइट, दुधी पाकळ्यांच्या कडा लाल, वास असा की वाकावं लागत नाही. दुसऱ्या अंगाला तोच खुंट, दीडपट उंच, फुलांनी लवलेला. येणारे-जाणारे थांबून विचारत होते की ही कोणती जात, एका झाडाला दोन फुलं कशी.

अशा झाडाला वाचवता येतं. फुटवा मातीच्या पातळीला कापला तर राहिलेल्या बुडख्यातले झोपलेले डोळे जागे होतात आणि एकाचे चार होतात. म्हणून माती उकरत थेट उगमापर्यंत जायचं आणि फांदी खाली ओढून सालीसकट ओरबाडायची. जखम मोठी दिसते, पण तिथले डोळे निघून जातात. ड-१४ चा फुटवा माझ्या एकटीच्याने निघेना. एक निवृत्त गृहस्थ आले, दर बुधवारी-शनिवारी येतात, फारसं बोलत नाहीत. त्यांनी फांदी धरली, मी मुळाशी बोटं घातली, आणि ‘चर्र’ असा आवाज होऊन ती सुटली. खाली मुळाला अंगठ्याएवढी पांढरी जखम. त्यांनी तिच्यावर माती लोटली आणि हलकेच दाबली, लहान मुलाला पांघरूण घालावं तशी.

ओरबाडलेल्या फांदीवर चाळीस तरी फुलं होती. ती कुजवायच्या डब्यात टाकताना वाईट वाटलंच.

२९ एप्रिल, मंगळवार

आज कामाचा वार नाही. तरी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास गेले, पीस गुलाबासाठी.

बरोबर ८० वर्षांपूर्वी, २९ एप्रिल १९४५ ला, याच कॅलिफोर्नियात पॅसाडिना गावी या गुलाबाला ‘पीस’ हे नाव दिलं गेलं. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा नऊ दिवस बाकी होते. हा गुलाब फ्रान्समध्ये लिऑनजवळ फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केला. युद्धाची चाहूल लागली तेव्हा त्यांनी डोळकाड्या परदेशी पाठवल्या, त्यातल्या अमेरिकेत रॉबर्ट पाइल या रोपवाटिकावाल्यांकडे पोचल्या. मग वाटा बंद झाल्या. जर्मनीत तो ‘ग्लोरिया डाय’ झाला, इटलीत ‘जोया’, आणि मेयाँनी स्वत: त्याला आपल्या आईचं नाव दिलं, ‘मादाम आ. मेयाँ’. एकच झाड, चार देशांत चार नावांनी वाढत होतं.

त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, इथून तासाभराच्या अंतरावर, संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला जगभरचे प्रतिनिधी जमले होते. प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाच्या खोलीत हा गुलाब एकेक ठेवला गेला. आपलं शिष्टमंडळही होतं, रामस्वामी मुदलियारांच्या नेतृत्वाखाली, पण ब्रिटिश सरकारने पाठवलेलं. आणि विजयालक्ष्मी पंडित त्याच शहरात स्वतंत्र भारताची बाजू मांडत फिरत होत्या. त्यांच्या हाती यातलं एखादं फूल आलं असेल का, असं आज झाडासमोर मनात आलं.

पीस उमलताना गडद पिवळा, कडांना गुलाबी. दोन दिवसांनी पिवळा रंग विरत जातो, सायीसारखा होतो, आणि गुलाबी आत सरकतो. एकाच झाडावर चार वयांची चार फुलं. माझ्या ओळींत पीसची सहा झाडं आहेत आणि सहाही डोळ्याची आहेत. ज्या डोळकाड्या युद्धातून निसटून आल्या, त्यांचाच हा डोळा एका झाडातून दुसऱ्यात भरत भरत इथपर्यंत आला. बी नाही, मधे पिढी नाही. त्या अर्थाने ते १९४५ चंच झाड आहे. माझ्या नकाशात त्याच्यापुढे नुसतं ‘डो’ लिहिलं आहे, आणि ते एक अक्षर लिहिताना मला जे वाटलं ते कोणत्या रकान्यात घालायचं ते कळलं नाही.

३ मे, शनिवार

२६ तारखेला ताप होता म्हणून ओळ इ राहिली होती. आज पोचले तर तिच्यातली सुकलेली फुलं आधीच काढून झाली होती. काल एका कंपनीतली तीस-पस्तीस माणसं आली होती, त्यांनी अख्खा वाफा साफ केला. काम उत्तम केलं. बाहेरच्या बाजूच्या पाच पर्णिकांच्या पानावर काप, सगळीकडे एकसारखा. पण इ-९ वर एकही फूल उरलेलं नाही.

इ-९ ला पाटी नाही. फांद्या उंच, सरळसोट वाढलेल्या, वरच्या पानांवर भुरी. शेजारच्या झाडांवर भुरी नाही. डॉक्टर ह्यूईला भुरी लवकर लागते. आच्छादन इथे जाड आहे, जोड दिसत नाही. फीत बांधली. वहीत लिहिलं : खुंट, फुलाविना.

१० मे, शनिवार

उद्या इथला मातृदिन, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही. लग्नाची दोन जोडपी फोटोसाठी, एक क्विन्सेनियेरा, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा. ती मुलगी घेरदार जांभळ्या झग्यात, आणि मागे अख्खं गोत. आम्ही बादल्या घेऊन त्यांच्यामधून वाट काढत फुलं काढत होतो.

फुलं काढणं हे इथलं खरं काम. छाटणी वर्षातून एकदा, हे मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. वेळेवर काढलं तर सहा-सात आठवड्यांत त्याच फांदीवर नवं फूल येतं. राहिलं तर फळ धरतं आणि झाड निवांत होतं. आज मी चार बादल्या भरल्या. आपल्याकडे सोलापूरजवळच्या वडजीला देशी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो, ते इथे सांगितलं तेव्हा व्हिएतनामी बाई उत्सुकतेने ऐकत होत्या. त्यांनी पाकळी चावून बघितली आणि मान हलवली. खरं आहे, शोभेच्या गुलाबात तो रस नाही. साखरेत उन्हात मुरायला देशीच हवा.

एका लहान मुलीने डबल डिलाइटची कड कोणी रंगवली असं विचारलं. मी सांगितलं, उन्हाने. ऊन लागेल तशी पाकळी लाल होत जाते, आतली झाकलेली पाकळी दुधी राहते. तिने एका फुलावर तळहाताची सावली धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

सगळ्यात जास्त फोटो मात्र माझ्या लाल फितीवाल्या झाडांचे निघाले. एक बाई म्हणाल्या, हा बागेतला सगळ्यात सुंदर गुलाब, याचं रोप कुठे मिळेल? त्यांना खरं तेच सांगितलं. बहुधा तुमच्या अंगणात आहेच, मातीखाली. त्यांनी विचारलं की मग काढता कशाला. कारण बाग जातींसाठी आहे. १८९ जातींची ओळख इथे लोकांना होते, आणि प्रत्येक खुंट एकेका जातीची जागा घेऊन उभा आहे. वर्षातले साडेदहा महिने तिथे नुसती हिरवी झुडपं. हे उत्तर बरोबर आहे. पण त्या विचारत होत्या तेव्हा वाऱ्याने अ-११ ची अख्खी कमान हलत होती आणि मलाही ते झाड आवडतं, हे मी त्यांना सांगितलं.

२४ मे, शनिवार

यादी समन्वयक बाईंकडे दिली. पूर्ण खुंट : १० (इ-९ धरून). दोन्ही : ३, तिन्हींचे फुटवे काढले. निर्णय पालिकेच्या माळ्यांचा. त्यांनी सांगितलं की काढायची ती जानेवारीत, उघड्या मुळांची नवी रोपं येतील तेव्हा. जुन्या गुलाबाच्या जागी नवा गुलाब नीट लागत नाही, म्हणून दीड फूट खोल माती बदलणार. दहा झाडांच्या मातीचा हिशोब त्यांनी तिथेच कागदावर मांडला.

७ जून, शनिवार

पाऊस कधीच संपला. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थेंब नाही, सगळं पाणी नळीतून. आण्णांकडे वळवाचे दोन पाऊस झाले, द्राक्षाच्या काड्या तयार होत आहेत. इथे बागेत मावा कमी आहे, पानांवर लेडीबर्डच्या अळ्या फिरताना दिसतात. त्या अळ्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या. नवीन माणूस कीड समजून चिरडतो. आज दोघांना थांबवलं.

२१ जून, शनिवार

दुसरा बहर. पहिल्याइतका एकदम येत नाही, पण फुलं मोठी आणि देठ लांब.

आजची तपासणी सर्वांत सोपी. डॉक्टर ह्यूई दुसऱ्यांदा फुलत नाही, म्हणून फितीवालं प्रत्येक झाड आता फुलाविना असायला हवं. अ-११ हिरवं. अ आणि ब मधली बाकीचीही हिरवी. क-४ हिरवं. ड-१४ वर फक्त डबल डिलाइट, ओरबाडलेल्या बाजूला काही नाही, जखम भरून तपकिरी झाली आहे.

इ-९ वर एक फूल होतं.

डोक्याच्या उंचीवर, एकाच सरळ देठावर, गडद लाल, भरगच्च पाकळ्यांचं. मध्ये पुंकेसर दिसत नाहीत इतकं भरलेलं. वाकून वास घेतला आणि फूल ओळखलं. मिस्टर लिंकन. १९६५ चा पुरस्कारविजेता, उंच वाढणारा, भुरीला हळवा. मी जी दोन लक्षणं खुंटाची म्हणून लिहिली होती ती दोन्ही त्याचीच. गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी आच्छादन बाजूला केलं. चार बोटं, मग माती, मग आणखी दोन बोटं. तिथे जोड होता, आणि तिन्ही फांद्या त्याच्या वरून निघाल्या होत्या. हे उकरणं ३ मेलाच करता आलं असतं, पाच मिनिटांचं काम. जानेवारीत माळ्यांनी माझ्या यादीप्रमाणे हे झाड काढलं असतं.

समन्वयक बाईंना लगेच फोन केला. यादीतून इ-९ कमी. पूर्ण खुंट ९. उरलेल्या नऊंचे जोड आजच उकरून बघितले. आठ नक्की. ब-६ ला जोड सापडलाच नाही, वरचं लाकूड पूर्ण कुजून गेलं आहे, फक्त मुळं आणि त्यांच्यावरच्या लांब फांद्या. ते खुंटच.

आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर सारून ठेवलं, जोड उघडा राहील असं. नकाशात इ-९ पुढे ‘मिस्टर लिंकन, डो, पाटी हवी’. फीत सात आठवड्यांच्या उन्हाने फिकट गुलाबी झाली होती आणि गाठ सुटत नव्हती. कात्रीने कापली.